दहा नंबरचा दोरा

सुपातला खडा उचलायला चंद्रावतीने हात पुढे केला आणि चिमूट मिटली ती खड्याच्या शेजारी, नुसत्या हवेत. तिने पुन्हा चिमूट केली, पुन्हा हवा. तिसऱ्या खेपेला तिने बघायचंच सोडून दिलं, बोटांनी वाल चाचपले, खडा हुडकला आणि ओटीवरून अंगणात भिरकावला. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम. हिरामण समोर खुर्चीत चहाची बशी तोंडाला लावून बसला होता. त्याचा घोट घशातच राहिला.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, वय झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईची चिमूट चुकली तर त्यात एवढं घोट अडकण्यासारखं काय आहे? पण हिरामणने पेणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरात. अशी चिमूट बोटांमुळे चुकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यात बसवलेली लेन्स जागेवरून सरकली की वस्तू असते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. चंद्रावतीच्या डोळ्यातली लेन्स तर दोन दोऱ्यांवर टांगलेली होती. सरकली म्हणजे एक दोरा गेला. बशी खाली ठेवायच्या आत हे सगळं त्याच्या डोक्यात होऊन गेलं, आणि त्याच्या मागोमाग जे आलं त्याची त्यालाच लाज वाटली. हिला दिसेनासं होईल, हा काही त्याचा पहिला विचार नव्हता. पहिला विचार होता, माझी गाठ सुटली की काय.

"डोला दाखव जरा गो," तो म्हणाला आणि फळीवरची बॅटरी घ्यायला उठला. "आता नको," ती म्हणाली, "दूध वर येईल." दूध मघाशीच तापवून झाकून ठेवलेलं त्याने स्वतः बघितलं होतं. काल काय होतं? काल नळाला पाणी आलं होतं. परवा नातवाचा डबा. गेले काही महिने रोज सकाळी बॅटरी हातात घेतली की हिला काहीतरी आठवतं, हे त्याच्या आज ध्यानात आलं. अकरा वर्षांपूर्वी ऑपरेशन झाल्यापासून त्याचा हा नेम होता. अंघोळीआधी तिला दारातल्या उजेडात बसवायचं, हनुवटी वर करायची, बॅटरी मारायची, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. दोन मुलांच्या ताटात काय पडतं हे ज्याने कधी बघितलं नाही तो माणूस बायकोच्या डोळ्यासाठी रोज पाच मिनिटं काढतो याचं वरसे गावातल्या बायकांना भारी कौतुक. शेजारची धोंडुबाई तर येताजाता म्हणायची, "काय जीव हाय गो भावजींचा तुज्यावर!" त्यावर चंद्रावती नुसती हसायची. आज तिने नाही नाही म्हणताना त्याने तिची हनुवटी धरलीच. काळ्या बाहुलीच्या आत एक चमकती कड आली होती. ती लेन्सची कड. ती तिथे दिसता कामा नये. पण त्याची नजर त्या कडेवर ठरलीच नाही. ती गेली पांढऱ्या भागात, जिथे कातडीच्या पातळ पापुद्र्याखाली दोन्ही बाजूंना एकेक निळा ठिपका होता, मोहरीच्या दाण्याचे शंभर तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढा. दोन्ही ठिपके जागेवर होते. गाठी होत्या. त्याने बॅटरी विझवली.

चंद्रावतीला डोळा एकच. उजवा सहाव्या वर्षी देवी आल्या तेव्हा गेला. एका डाव्या डोळ्याच्या भरवशावर तिने खाडीकाठच्या खारेपाटात, माहेरी, मिठागरात मीठ ओढलं, लग्न केलं, दोन पोरं वाढवली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या डोळ्यातही मोतीबिंदू आला. मोतीबिंदू काढला की त्याच जागी, पातळ पडद्याच्या पिशवीत, नवी लेन्स सरकवून ठेवतात. माहेरी गेली असताना तिकडच्याच कुठल्या तरी शिबिरात तिचं ऑपरेशन झालं आणि ती पिशवीच फाटली. आता लेन्स ठेवायची कशात? मग एकच उपाय उरतो. लेन्सच्या दोन बाजूंना जे दोन बारीक पाय असतात त्यांना दोरा बांधायचा आणि दोऱ्याची टोकं डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतून बाहेर काढून तिथे गाठ मारायची. दोन खुंट्यांना झोळी टांगतात तशी लेन्स टांगायची. दोरा केसाहून बारीक. एका बाजूने सरळ सुई डोळ्यात घालायची, समोरून पोकळ सुई, आणि आत, बाहुलीच्या मागे जिथे काही दिसत नाही, तिथे सरळ सुईचं टोक पोकळ सुईच्या तोंडात न्यायचं आणि दोन्ही मिळून बाहेर काढायच्या. ऐकायला सोपं. दिनानाथ डॉक्टर ते असं करायचे की बघणाऱ्याला वाटावं, कुणी लुगड्याला काठ लावतंय. दिनानाथ डॉक्टर म्हणजे पेणचा देवमाणूस. आता देवाघरी जाऊनही त्यांना दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने दोघं रोह्याहून पेणला निघाली. चंद्रावती खिडकीशी बसली होती, चांगला डोळा मिटून. निडी स्टेशन आलं, तरी तिने उघडला नाही. "उघडला की दोन-दोन दिसतं," ती म्हणाली, "त्यापरीस मिटलेला बरा." कधीपासून दोन-दोन दिसतं ते हिरामणने विचारलं नाही. त्याचं चित्त भलतीकडे होतं. गाठी जागेवर आहेत तर मग लेन्स का सरकली, याचा तो हिशोब लावत होता, आणि हिशोब लावताना त्याला आपला बाप दिसत होता. बाप खारेपाटातल्याच मिठागरात राबायचा आणि भरतीच्या वेळा सांभाळून खाडीत जाळं लावायचा. जाळं स्वतः विणायचा. बांबूच्या चपट्या सुईने दोरा भरून डोळे न उघडता गाठ मारायचा, आणि हिरामण सात वर्षांचा असल्यापासून त्याच्या शेजारी बसायचा. बापाचं एक म्हणणं होतं, सूत बारीक घे, गाठ तीनदा घाल. जाड सुताची गाठ मोठी होते, पाणी तिला हलवतं, हलवून हलवून सोडवतं. बारीक सुताची गाठ स्वतःतच रुतून बसते. त्या गावात अंगठाछाप माणूससुद्धा दुसऱ्याच्या जाळ्याची गाठ बघून सांगायचा, ही कुणाच्या हातची. सही करता येत नव्हती त्यांना, गाठ येत होती.

दवाखान्यात तो लागला बावीस-तेविसाव्या वर्षी, फरशी पुसायला. तिथून हत्यारं उकळायला, तिथून थिएटरात. सुरुवातीला नुसता दोरा कापायचा. डॉक्टर म्हणायचे, "काप," हा कापायचा. एकविसावं शतक लागलं आणि डॉक्टरांच्या हाताला कंप सुटला. सुई घालताना नाही, कापताना नाही, कशाचंच काही नाही. फक्त शेवटी गाठ मारताना उजवी तर्जनी थरथरायची, आणि त्या थरथरीत एकदा दोरा तुटला, दुसऱ्यांदा तुटला. टेबलावर खांब गावचे हैबतराव होते, पन्नास खंडी भाताचे धनी. डॉक्टर दुर्बिणीतून डोळा न काढता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हिरामण, बांध." दुर्बिणीला बाजूने दुसऱ्या माणसाने बघायची नळी असते, तिला त्याने डोळा लावला. चिमटे हातात घेतले. समोर केसाहून बारीक निळा दोरा एखाद्या दोरखंडाएवढा होऊन पडला होता. त्याने बापाची गाठ मारली. तीनदा. डॉक्टरांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "कुठे शिकलास?" तो म्हणाला, "खाडीत." त्या दिवशी घरी जाताना त्याला वाटत होतं आपण जमिनीच्या वर चार बोटं चालतोय. तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता आणि त्या दिवसानेच त्याचा घात केला.

कारण पुढे सात वर्षं गाठी त्याच्या आणि नाव डॉक्टरांचं. हे असंच असणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. फरशी पुसायला लागलेला माणूस डोळ्यात गाठ मारतो हे बाहेर कळलं असतं तर डॉक्टरांचा दवाखाना गेला असता आणि हा तुरुंगात. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण कळणं वेगळं आणि पोटात जळणं वेगळं. हैबतरावांना दिसायला लागलं तेव्हा त्यांनी रोह्यात हॉल घेऊन डॉक्टरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, चांदीचं निरांजन. भाषणात हैबतराव म्हणाले, "डॉक्टरांच्या बोटांत साक्षात विश्वकर्मा आहे." हिरामण खुर्च्या लावायला गेला होता. तो भिंतीशी उभा राहून हे ऐकत होता, आणि भाषण संपल्यावर हैबतराव त्याच्याकडे वळून म्हणाले, "अरे, जरा पाणी आण रे डॉक्टरांना." त्याने आणलं. डॉक्टरांनी ग्लास घेताना त्याच्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच ग्लास टेबलावर ठेवला. त्या बघण्यात काय होतं ते बघायची हिरामणची तेव्हा इच्छा नव्हती. त्याला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी एका माणसाने, निदान एकाने, त्याच्या गाठीकडे बघून ओळखावं, ही हिरामणच्या हातची. खारेपाटात जे कुणालाही मिळतं ते त्याला पेणच्या दवाखान्यात मिळालं नाही.

चंद्रावतीच्या वेळेला तर हद्दच झाली. पट्टी उघडली, तिने डोळ्याची उघडझाप केली, समोर डॉक्टर आणि त्यांच्या मागे हिरामण. तिने वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "तुमच्या हाताला यश हाय, डॉक्टर." इतकंच नाही, पुढे दरवर्षी ती पांढऱ्या कांद्याची एक माळ आणि पायलीभर वाल घेऊन डॉक्टरांच्या घरी जायची, आणि ते ओझं उचलायला हिरामण मागे. आपल्याच बायकोने आपल्या हातची कामगिरी दुसऱ्याच्या पायावर वाहावी आणि आपण कांदे धरून उभं राहावं! कितीदा त्याच्या जिभेवर आलं होतं. रात्री जेवताना, एकदा नागोठण्याला गाडी खोळंबली होती तेव्हा, मुलाच्या लग्नाच्या गडबडीत. दरवेळी त्याने गिळलं. सांगितलं तर हिच्या तोंडातून धोंडुबाईच्या कानात आणि तिथून गावात, असं तो स्वतःला सांगायचा. खरं कारण वेगळं होतं. आपण आपलं सांगायचं म्हणजे त्यातली गंमत गेली. समोरच्याला कळायला पाहिजे. आणि म्हणून तो रोज सकाळी बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यातल्या त्या दोन ठिपक्यांना भेटून यायचा, आणि त्याचा दिवस बरा जायचा.

पेणच्या दवाखान्यात आता नवीन डॉक्टरीणबाई होत्या. पस्तिशीच्या, बोलायला चटपटीत, हिरामणला "काका" म्हणायच्या. त्यांनी चंद्रावतीला मशीनला हनुवटी टेकवून बसवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "कधीपासून दोन-दोन दिसतंय आजी?" चंद्रावती म्हणाली, "दिवाली झाली तवापासून." हिरामणने चमकून तिच्याकडे बघितलं. आता फाल्गुन चालू होता. चार महिने! चार महिने ही बाई अंदाजाने चहात साखर घालत होती, पायऱ्या उतरत होती, विळीवर बसत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर केलात. एक दोरा तुटलाय, लेन्स दुसऱ्यावर लोंबतेय. तोही गेला तर लेन्स मागच्या पडद्यावर पडेल, मग कठीण होईल. आणि डोळा तर हा एकच." मग त्या पुन्हा दुर्बिणीत बघून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "गाठ मात्र काय सुंदर आहे. जशीच्या तशी. गाठीच्या शेजारी दोरा झिजून तुटलाय."

हिरामणच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांनी का होईना, कुणीतरी म्हणालं. आणि तेही डॉक्टर. बायकोचा डोळा लोंबकळतोय हे ऐकल्यानंतर अर्ध्या मिनिटात त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. झाला. त्याचं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण डॉक्टरीणबाईंनी जुने कागद पुढे ओढले होते आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "दहा नंबरचा दोरा? दोन हजार आठ साली? तेव्हा सगळ्यांना माहीत झालं होतं की हा डोळ्यात झिजतो, दहा-बारा वर्षांत तुटतो. नऊ नंबरचा जाड दोरा मिळत होता की. पन्नाशीही न झालेल्या एका डोळ्याच्या बाईला कुणी दहा नंबरचा वापरतं? कुणी केलं हे?" त्यांनी कागदावरचं नाव वाचलं. "दिनानाथ डॉक्टर. नाव तर फार मोठं ऐकलं होतं त्यांचं. हा चक्क निष्काळजीपणा आहे." मग हिरामणकडे बघून, "काका, तुम्ही होता ना थिएटरात? त्यांच्या लक्षात नाही आणून दिलंत?"

खोलीत पंखा फिरत होता. चंद्रावती हनुवटी अजून मशीनवरच ठेवून बसली होती. हिरामणच्या डोक्यात ते टेबल लख्ख उभं राहिलं, हिरवं कापड, कापडाच्या भोकातून वर बघणारा एक डोळा, आणि डॉक्टरांच्या हातातलं नवं पाकीट. मुंबईचा कुणी मोठा सर्जन त्यांना सांगून गेला होता, म्हणून त्यांनी जाड दोरा मुद्दाम मागवला होता. ते पाकीट त्यांनी पुढे केलं होतं, आणि हिरामणने नको म्हणून मान हलवली होती. सूत बारीक घे. दोरा डोळ्यात झिजतो म्हणे! खाऱ्या पाण्यात जाळी वर्षानुवर्षं टिकतात आणि चमचाभर पाण्यात हा झिजणार? गाठीचं मला शिकवू नका. एवढं सगळं तो मोठ्याने म्हणाला नव्हता, पण सुचवण्यात कसर ठेवली नव्हती. आता डॉक्टरीणबाई उत्तराची वाट बघत होत्या. हिरामणने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, "डॉक्टरांपुढे आपण काय बोलणार, बाई. ते म्हणतील ती पूर्व दिशा." डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि उद्याच ऑपरेशन करू असं सांगितलं.

बाहेर बाकावर चंद्रावती पदर आवरून बसली. डोळा मिटलेला. समोर भिंतीवर दिनानाथ डॉक्टरांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. हिरामण फोटोला पाठ करून बसला.  मग ती शांतपणे म्हणाली, "मेलेल्या मानसाच्या अंगावर घातलाव तुमी."

"काय घातलं?"

"डोला बधिर केला व्हता माजा, कान नाय. मी टेबलावर जागी व्हते. डॉक्टर बोललं, हिरामण, ह्यो जाड दोरा हाय, ह्यो घे. तुमी बोललाव, नको, बारीकच द्या, त्याची गाठ बसते. ते परत बोललं. तुमी परत नको बोललाव. मंग ते बोललं, बायको तुजी हाय, तुजा हात हाय, तू म्हनशील तसं. हुंदका आला व्हता मना. डोल्यात सुया, रडता पन येयेना."

 चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे तर भर दुपार होती. "मंग इतकी वर्सं बोललीस का नाय?" हिरामण म्हणाला.

"तुमी सांगाल म्हनून. पयल्या वर्सी वाट बगली, दुसऱ्या वर्सी बगली. मंग मनात बोलले, जाऊंदे, त्यांना सांगायचं नाय, कुनीतरी वलखायला पायजे त्यांना." तिने हे इतक्या सरळ म्हटलं की त्याला आपले कपडे कुणी काढून घेतल्यासारखं झालं. "डॉक्टरांच्या पाया पडत व्हते ती कशाला पडत व्हते? फरशी पुसनाऱ्या मानसाच्या हातात त्यांनी डोला दिला. एवढा मान तुमाला कुनी दिला वो कवा? तुमच्या बापानं नाय, भावांनी नाय. आनि तुमी त्यांच्यावर जललाव. जललाव ते जललाव, आज तोंड उगडायची पाली आली तर मेलेल्याच्या गल्यात बांधलाव."

"चंद्रा, हळू बोल," तो म्हणाला. बाजूने सगुणा सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन जात होती. सगुणा त्याच्या वेळची, त्याने तिला हत्यारं ओळखायला शिकवलेली. तिने लांबून हसून मान हलवली. त्यानेही हलवली. चंद्रावती हळू बोलली, पण बोलायची थांबली नाही.

"रोज सकाली बॅटरी मारताव. मी आपली तोंड वर करून बसते. वाटायचं, बगतायत. मंग कललं, माज्याकडं नाय बगत, गाठीकडं बगतायत. मी डोक्याला फडका बांधला तरी तुमाला दिसला नसता." आणि मग तिने पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, पाणी कुठे मिळतं. तो पाणी आणायला उठला. परत आला तोपर्यंत तिला आत भरती करून घेतलं होतं.

ती रात्र त्याने दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली आणि सकाळी सगुणाला गाठलं. मला आत येऊ दे, म्हणाला, नुसता उभा राहीन. काही बोलणार नाही, कशाला हात लावणार नाही. सगुणाने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, काकांना काय हरकत आहे, त्यांचंच घर आहे. हिरामणने हिरवे कपडे चढवले. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी तो वास पुन्हा नाकात गेला, स्पिरिटचा आणि उकळलेल्या कापडाचा, आणि त्याला रडू येईलसं वाटलं. चंद्रावतीला ढकलखुर्चीतून आणलं तेव्हा तो दारात उभा होता. तिने मिटलेला डोळा जरा उघडला. एकाच्या जागी दोन हिरामण दिसले असतील तिला, हिरव्या कपड्यांत. तिने डोळा मिटला आणि सगुणाला म्हणाली, "ह्यांना भायेर बसवा." सगुणाला वाटलं आजी थट्टा करतायत. "अगं, काकांनी आयुष्य काढलंय इथं." "म्हनूनच," चंद्रावती म्हणाली. हिरामणने कपडे उतरवले आणि घडी करून ठेवले.

बाहेर बाकावर नातेवाइकांत तो पहिल्यांदाच बसला. चौतीस वर्षं तो या लोकांच्या समोरून घाईघाईने जायचा, आणि ते उठून उभे राहायचे, काय झालं हो, काय झालं. तो त्यांना म्हणायचा, बसा, होतंय. आता त्याला तसं म्हणायलाही कुणी आलं नाही. पाऊण तासाने डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. छान झालं, म्हणाल्या. जुनी लेन्स काढली, दोरे काढले, गाठी काढल्या, नवी बसवली. तो म्हणाला, "नऊ नंबरचा ना?" त्या हसल्या. "नाही हो काका, आता दोराच नाही लागत. लेन्सचे पाय तापवून टोकाला बोंड करतो आणि ते डोळ्याच्या भिंतीतच खोचून टाकतो. आता गाठ कुणी मारतच नाही." असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. हिरामण तिथेच उभा राहिला. आपण ज्यासाठी जळलो ती विद्याच आता कुणाला नको आहे, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला वाटलं ते एवढंच की जाऊन तिला सांगावं. काय सांगावं? की मी बांधली होती. की बारीक दोरा मीच मागितला. की मी चुकलो, आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ते मी आत्ता जाऊन बदलून येतो. अकरा वर्षं जे सांगायचं होतं ते हे नव्हतं, पण सांगायचं होतं खरं. त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि बायकांच्या वॉर्डात शिरला.

चंद्रावती शेवटच्या कॉटवर उताणी पडली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा नसलेलाच. उद्यापर्यंत तिला काहीच दिसणार नव्हतं. सगुणा तिच्या उशाशी रक्तदाब मोजत होती. हिरामण कॉटच्या पायथ्याशी येऊन थांबला, थंड फरशीवर, आणि वाक्य मनात जुळवू लागला. पायांचा आवाज झाला नव्हता.

"ह्ये हायत का गो इथं?" चंद्रावतीने विचारलं.

सगुणाने हिरामणकडे बघितलं. हिरामणने मान हलवली, नाही म्हणून. का हलवली ते त्याला कळलं नाही. वाक्य अजून जुळलं नव्हतं, एवढंच असेल. किंवा न सांगायची सवयच लागली असेल.

"नाहीत," सगुणा म्हणाली. "बाहेर बसलेत."

चंद्रावतीने अंग सैल सोडलं. इतका वेळ ती आखडून पडली होती हे तिने सैल सोडल्यावर दिसलं. "मंग गोली दे गो एक," ती म्हणाली. "लय दुखतंय."

"दुखणारच आजी, आज ऑपरेशन झालंय. देते."

"दुखूंदे. दुखन्याचं काय नाय. टोचायचं थांबलं बग."

"काय टोचायचं?"

"गाठ. नाकाच्या बाजूची. पट्टी सोडली त्या दिवसापासून टोचत व्हती. पापनी मिटली की टोचायची, उगडली की टोचायची. अकरा वर्सं. झोपेत पन." तिने पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. "आता नाय टोचत. कसं मोकलं मोकलं वाटतंय."

"मग सांगायचं नाही का कधी? टोक जरा कापून टाकलं असतं, दोन मिनिटांचं काम."

"कुनाला सांगायचं? रोज सकाली येवड्या हौसेनं बगायचे ते." तिने अंदाजाने सगुणाचा हात शोधला आणि धरला. "त्यांना बोलू नको हां गो. त्यांना वाटंल, मी नावं ठेवते."

"नाही बोलत," सगुणा म्हणाली. तिने गोळी चंद्रावतीच्या तळहातावर ठेवली आणि हिरामणकडे न बघता ग्लासात पाणी ओतलं.